गाडीवाला कुठं बसला होता?

मंडळी, पोस्ट लांब आहे. नगरपालिकेवर नाही, साखर कारखान्याच्या निवडणुकीवर नाही, त्यामुळे दोन्ही गटांनी निवांत वाचावी. एका गाडीवर आहे. गाडी अमेरिकेतली, काळी कुळकुळीत, १९७१ च्या हंगामातली. मी ती डोळ्यांनी पाहिलेली नाही, पाहीन असंही वाटत नाही. तरी गेले दोन महिने ती डोक्यातून जात नाही. का ते सांगतो.

वीस-बावीस वर्षं झाली मला या धंद्यात. डिप्लोमा करून तालुक्याला आलो तेव्हा वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात अपघाताची बातमी लिहायला शिकवलं. साचा ठरलेला. भरधाव वेग, मग चालकाचा ताबा सुटला, मग जागीच ठार, मग हळहळ. 'ताबा सुटल्याने' हा शब्द मी आजवर किती वेळा लिहिला असेल याचा हिशेब नाही. पोलिसांच्या कागदात तोच, आमच्या पेपरात तोच. माणूस गेलेला असतो, त्यामुळे तो काही येऊन सांगत नाही की ताबा माझा नव्हता सुटला, गाडीचा सुटला होता.

मागच्या गळीत हंगामात आमच्या भागात उसाचा ट्रॅक्टर चढावर पुढून उठला आणि मागं उलटला. मागे दोन ट्रॉल्या, तिशीतला पोरगा स्टेअरिंगवर. मी बातमी दिली, नेहमीचीच. दोन दिवसांनी गॅरेजला गाडी दाखवायला गेलो तर मेस्त्री म्हणाले, "पत्रकार, ताबा सुटला लिवलंय तुमी. तो बसला कुठं हुता ते बघितलं का? मागच्या दोन चाकांच्या मधी. ट्रॅक्टर पुढनं उठला की पळायला जागाच न्हाई." मी म्हटलं, मेस्त्री, ट्रॅक्टर असाच असतो. ते म्हणाले, "आसाच आसतो, म्हणून कोण इचारत न्हाई."

हे ऐकून घरी आलो आणि बरोबर त्याच आठवड्यात भाच्याने मोबाईलवर ड्रॅग रेसिंगचा एक जुना व्हिडिओ दाखवला. त्यातली गाडी बघून मी त्याला म्हटलं, अरे, हा तर ट्रॅक्टरच आहे! त्यावरून शोधत गेलो.

आधी हा खेळ काय ते सांगतो. बैलगाडा शर्यत किंवा शंकरपट बघितलेल्या माणसाला तो समजायला दोन मिनिटं लागत नाहीत. वळण नाही, फेऱ्या नाहीत. सरळ पट्टा, दोन गाड्या शेजारी शेजारी, सुटायची खूण झाली की जो आधी पोचेल तो जिंकला. अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट, आपले साधारण ४०२ मीटर. काही सेकंदांत निकाल. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात हे वेड पसरलं. जुन्या फोर्ड-शेवरोलेच्या गाड्या उघड्या करायच्या, वजन कमी करायचं, इंजिनं फुगवायची आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर पळवायच्या. काही जण रात्री सरळ गावातल्या रस्त्यावरच पळवायचे. १९५० मध्ये सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे घेऊन शर्यती भरवायला सुरुवात झाली, १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली आणि खेळाला नियम आले. (आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्यात. विमानाची धावपट्टी आणि हा खेळ, नातं पहिल्यापासूनचं.)

लॉस एंजेलिसच्या बंदराकडे विल्मिंग्टन भागात १९५५ मध्ये एक पट्टा सुरू झाला, त्याचं नाव 'लायन्स'. नाव वाचून मला वाटलं सिंहावरून असेल. पण नाही. तो आपलाच लायन्स क्लब! आपल्या तालुक्याला मोतीबिंदूची शिबिरं घेतो तोच. तिथल्या स्थानिक लायन्स क्लबांनी पोरं रस्त्यावर मरू नयेत म्हणून पैसे उभे करून हा पट्टा बांधून घेतला. समाजसेवेचा हा प्रकार आपल्या क्लबाच्या मंडळींना सुचवून बघायला हरकत नाही. या पट्ट्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तो ट्रॅक्टर. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून या शर्यतीच्या गाड्यांना एक विशिष्ट घडण आली, तिला 'स्लिंगशॉट' म्हणायचे. स्लिंगशॉट म्हणजे गलोल, आपली बेचकी. इंजिन पुढे, त्याच्या मागे क्लच आणि गिअरबॉक्स, मग मागची भली मोठी चाकं, आणि चालक त्या मागच्या आसाच्याही मागे. बेचकीत खडा बसवावा तसा. पाय आसावरून पुढे टाकलेले. म्हणजे क्लच आणि गिअरबॉक्स त्याच्या पायांच्या मधोमध. आपला ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणा, तो पुढून धरून वीस फूट लांब ओढा, चपटा करा, पुढची चाकं सायकलसारखी बारीक करा. झाली स्लिंगशॉट. कारणही ट्रॅक्टरसारखंच. मागच्या चाकांवर वजन पडलं तर पकड मिळते, चाक जागेवर फिरत नाही. माणसाचं वजन मागे टाकलं की तेवढीच भर. तेव्हाच्या टायरांच्या मानाने हिशेब बरोबर होता.

फरक एवढाच, की आपला ट्रॅक्टर पन्नास हॉर्सपॉवरचा. या गाड्यांची ताकद हजार हॉर्सपॉवरच्या पुढे गेलेली. इंधन पेट्रोल नव्हे, नायट्रोमेथेन. ते स्वतःचा ऑक्सिजन बरोबर घेऊन जळतं, त्यामुळे इंजिनात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इंधन ओतता येतं. ते इतकं बेभरवशाचं की नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने १९५७ ते १९६३ त्यावर बंदीच घातली होती. आणि या सगळ्याच्या मागे, आगीच्या आणि तेलाच्या फवाऱ्यात, चालक तोंड करून बसलेला.

माझ्या डोक्यात बसलेल्या गाडीचा मालक म्हणजे डॉन गार्लिट्स. जन्म १४ जानेवारी १९३२, फ्लोरिडातलं टँपा. तरुणपणी हिशेबनिसाची नोकरी केली, मन रमलं नाही, गॅरेज धरलं. शर्यतीचं माहेर कॅलिफोर्निया, आणि हा पार दुसऱ्या टोकाचा. फ्लोरिडा म्हणजे दलदल, मगरी, डास. याने गाडीचं नाव ठेवलं 'स्वाम्प रॅट', दलदलीतला उंदीर. पहिली स्वाम्प रॅट त्याने १९३१ च्या शेवरोलेच्या चासीवर बांधली, इंजिन क्रायस्लरचं. १९५७ च्या नोव्हेंबरात तिने फ्लोरिडात ताशी १७६ मैल, म्हणजे २८० किलोमीटरच्या वर वेग घेतला. कॅलिफोर्नियावाल्यांनी ते मानलंच नाही. घड्याळ खोटं, पट्टा कमी लांबीचा, माणूस थापाड्या. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मंडळींनी तालुक्याच्या माणसाला हसावं, तसलाच प्रकार.

हा पठ्ठ्या गाड्या बांधत गेला आणि त्यांना रोमन आकडे देत गेला. स्वाम्प रॅट एक, दोन, तीन. १ ऑगस्ट १९६४ ला न्यू जर्सीतल्या आयलंड ड्रॅगवेवर सहा नंबरच्या गाडीने ताशी २०१.३४ मैलांची नोंद केली, ३२४ किलोमीटर. अधिकृत घड्याळावर दोनशे मैल ओलांडणारा पहिला म्हणून त्याचं नाव लागलं. (त्याआधीही एकदोघांनी दावे केले होते, त्यांचे चाहते अजून भांडतात. असो, तो वाद त्यांचा.)

पण या प्रवासात त्याने किंमत दिली होती. १९५९ च्या जूनमध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या चेस्टर इथे इंजिनावरचा सुपरचार्जर फुटला, आग थेट मागे आली. हात आणि तोंड भाजलं. काही काळ त्याची गाडी दुसऱ्याने चालवली. बरा झाला, परत बसला. त्याच जागेवर, त्याच इंजिनाच्या मागे.

तो एकटाच नव्हता. १९६७ च्या डिसेंबरात माइक सोरोकिन नावाचा नामवंत चालक कॅलिफोर्नियात क्लच फुटून गेला. १९६९ मध्ये इंडियानापोलिसच्या मोठ्या शर्यतीत जॉन मुलिगनचा क्लच फुटला, गाडी जळली, काही दिवसांनी तोही गेला. क्लचभोवती पोलादी कवच घालायची पद्धत होती, तरी हे होत होतं. आणि प्रत्येक वेळी काय झालं असेल? मला तिथली भाषा माहीत नाही, पण आपल्या धंद्यातली माहीत आहे. वाईट झालं, धाडसी होता, खेळच असा आहे. पुढच्या रविवारी पुन्हा शर्यत, पुन्हा माणूस इंजिनाच्या मागे. कारण गाडी अशीच असते.

८ मार्च १९७०, रविवार. लायन्सचा पट्टा. गार्लिट्स अंतिम फेरीत. वय ३८. गाडी स्वाम्प रॅट तेरा. (आकड्याबद्दल तुम्ही जे मनात म्हणालात ते मीही म्हणालो.) त्याने या गाडीत दोन गिअरचा नवा ट्रान्समिशन बसवला होता, स्वतःच्या गॅरेजमध्ये घडवलेला. सुटायची खूण झाली, त्याने क्लच सोडला आणि ट्रान्समिशन फुटला. पायांच्या मधोमध. गाडीचे सरळ दोन तुकडे झाले. पुढचा अर्धा इंजिनासकट पुढे, मागचा अर्धा, ज्यात तो बांधलेला होता, उलटापालटा. उडालेल्या लोखंडाने प्रेक्षकांतल्या एका तरुणाचा हातही जबर जखमी झाला. गार्लिट्सच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला.

इथे थांबून एक गोष्ट बघा. हा माणूस चालक होता, मालक होता आणि गाडी बांधणाराही होता. फुटलेला भाग त्याने स्वतः बनवलेला. म्हणजे दोष द्यायला दुसरा कुणी नव्हताच. कंपनी नाही, ड्रायव्हर नाही, क्लीनर नाही. मला वाटतं पुढे जे झालं ते यामुळेच झालं. आपल्याकडे ज्याचा पाय जातो तो गाडी बनवत नाही आणि जो गाडी बनवतो त्याचा पाय जात नाही.

दवाखान्यात पडल्या पडल्या त्याने नवी गाडी मनात मांडायला घेतली. मजबूत ट्रान्समिशन, जाड कवच हे उपाय होतेच. पण तो त्याच्या अलीकडच्या प्रश्नावर गेला. फुटणारी वस्तू माणसाच्या पुढे का? माणूसच तिच्या पुढे का नको? इंजिन मागे टाकायचं, चालक पुढे. फुटलं तर मागे फुटेल, पेटलं तर आग मागे जाईल, तेल तोंडावर येणार नाही.

ही कल्पना त्याची एकट्याची नव्हे, हे स्पष्ट लिहायला हवं, कारण फेसबुकवर सगळंच 'जगात पहिल्यांदा' असतं. फॉर्म्युला वनमध्ये जॅक ब्रॅबम १९५९ मध्येच चालकाच्या मागे इंजिन असलेल्या कूपर गाडीतून विश्वविजेता झाला होता. इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत १९६५ मध्ये जिम क्लार्कने तशाच घडणीच्या लोटसमधून जिंकली. ड्रॅग रेसिंगमध्येही मागे इंजिनाच्या गाड्या काहींनी आधी बांधल्या होत्या, त्याच १९७० साली एकाने एक मोठी शर्यतही मारली. पण बहुतेकांचा अनुभव वाईट. या गाड्या सरळ जायच्या नाहीत. पट्ट्यावर नागमोडी व्हायच्या, काही आपटल्या. त्यामुळे जाणकारांचं मत पक्कं झालं होतं: पुढे बसून ही गाडी चालवताच येत नाही.

गार्लिट्सची गाडीही सुरुवातीला तशीच वागली. इथे त्याच्याबरोबरच्या दोन माणसांची नावं घेतलीच पाहिजेत, कॉनी स्विंगल आणि टी. सी. लेमन्स. तिघांनी मिळून ती पुन्हा पुन्हा पट्ट्यावर नेली. गाडी डावी-उजवीकडे झोके घेते, सावरायला जावं तर आणखी झोके. एका टप्प्यावर गार्लिट्स नाद सोडायच्या बेतात होता आणि त्याच्या बायकोने, पॅटने, त्याला सोडू दिलं नाही असं सांगतात. नवऱ्याचा अर्धा पाय ज्या खेळात गेला त्या खेळात त्याला परत ढकलणारी बाई! पण बारकाईने बघितलं तर ती त्याला जुन्या जागेवरून उठवून नव्या जागेवर बसवत होती.

उपाय सापडला तो इतका साधा की वाचून हसू येतं. स्टेअरिंग मंद केलं. बस.

जरा समजावून सांगतो, कारण या गोष्टीचा गाभा इथे आहे. स्लिंगशॉटमध्ये चालक पार मागे असायचा, त्यामुळे गाडीचा मागचा भाग जरा सरकला की त्याच्या बुडालाच कळायचं. तो लगेच सावरायचा, आणि त्यासाठी स्टेअरिंग चपळ लागायचं. नव्या गाडीत तो पुढे आला. मागचा भाग सरकल्याचं त्याला उशिरा जाणवतं. मग घाईत तो स्टेअरिंग जास्त वळवतो, चपळ स्टेअरिंग ते आणखी मोठं करतं, गाडी दुसरीकडे फेकली जाते. गुण गाडीच्या घडणीत होता, दोष एका छोट्या सुट्या भागात. स्टेअरिंगचं प्रमाण बदललं, चाक जास्त फिरवलं तरी गाडी थोडीच वळेल असं केलं, आणि ती सुतासारखी सरळ गेली. दहा-बारा वर्षं ज्याला लोक 'चालवताच येत नाही' म्हणत होते ते एका गिअरच्या दात्यांचं प्रकरण निघालं. मेस्त्रींना हे सांगितलं तेव्हा ते फक्त "हां" म्हणाले आणि पाना उचलून कामाला लागले. त्यांना नवल वाटलं नाही.

ही गाडी म्हणजे स्वाम्प रॅट चौदा.

१९७१ च्या जानेवारीत तो ती घेऊन कुठे गेला? लायन्सला. त्याच पट्ट्यावर, अपघाताला वर्षही झालं नव्हतं. अर्ध्या पायाने. लोक हसले म्हणतात, म्हातारा घाबरला, इंजिनाच्या पुढे लपून बसला. पहिल्याच शर्यतीत तो अंतिम फेरीपर्यंत गेला आणि हरला. मग फेब्रुवारीत पोमोनाची 'विंटरनॅशनल्स', हंगामाची पहिली मोठी शर्यत, ती त्याने जिंकली. मार्चमध्ये बेकर्सफील्डचा मेळा, तोही जिंकला. इथे हसणं थांबलं.

पुढची दोन वर्षं मला सगळ्यात बोलकी वाटतात. कुणी कायदा केला नाही, नियम काढून पुढची इंजिनं बंद केली नाहीत. फक्त एकेक चालक गार्लिट्सच्या गाडीकडे बघून आपल्या गॅरेजमध्ये गेला. कारण आता सुरक्षित गाडी हीच वेगवान गाडी ठरली होती. हंगामागून हंगाम स्लिंगशॉट कमी होत गेल्या आणि वरच्या वर्गातून नाहीशा झाल्या. सोरोकिन, मुलिगन गेले तेव्हा जे झालं नाही ते एका काळ्या गाडीने दोन शर्यती जिंकल्यावर झालं. हे वाचून आनंद व्हावा की वाईट वाटावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. माणूस मेला म्हणून गाडी बदलली नाही, शर्यत हरायला लागले म्हणून बदलली.

आणि सगळीकडे बदललीच असंही नाही. 'फनी कार' नावाचा एक वर्ग आहे, वरून साध्या मोटारीसारखं कवच आणि आत तसलंच राक्षसी इंजिन. त्यात आजही इंजिन पुढे आणि चालक मागेच बसतो. आगीचे कपडे, अग्निशमन यंत्रणा सगळं सुधारलं, जागा तीच राहिली.

गार्लिट्सची पुढची कारकीर्द मोठी आहे, पळत पळत सांगतो. १९७५ मध्ये ऑन्टॅरिओ इथे ५.६३ सेकंद आणि ताशी २५०.६९ मैल, म्हणजे चारशे किलोमीटरच्या वर. त्या सेकंदांची बरोबरी करायला इतरांना वर्षानुवर्षं लागली. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची विजेतेपदं १९७५, १९८५ आणि १९८६ ची. १९८६ मध्ये तीस नंबरची गाडी, चालकाची जागा विमानासारखी झाकलेली, ताशी २७२ मैलांच्या वर, म्हणजे ४३८ किलोमीटर. त्याच वर्षी न्यू जर्सीत ही गाडी पुढून उठली, हवेत उभी राहिली, गर्रकन फिरली आणि उलट्या दिशेला तोंड करून चाकांवर आपटली. तो सुखरूप. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला सांगू? आमच्या चढावरचा ट्रॅक्टर असाच उठला होता. पुढची चाकं हवेत, एक क्षण थांबल्यासारखं, आणि मग. ती स्वाम्प रॅट तीस १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात गेली. ज्या इमारतीत त्यांचा जुना ऐतिहासिक राष्ट्रध्वज जपलाय, त्याच इमारतीच्या संग्रहात.

पण माझं लक्ष चौदा नंबरवरच. शर्यतीची जुनी गाडी म्हणजे खरं तर भंगार. हंगाम संपला की इंजिन काढून दुसरीत, चाकं तिसरीत, नळ्यांचा सांगाडा वाटेल त्याला विकायचा. गार्लिट्सच्या डोक्यात मात्र जपून ठेवायचं वेड होतं. फ्लोरिडातच ओकालाजवळ, हमरस्त्याला लागून, त्याने १९८४ मध्ये ड्रॅग रेसिंगचं संग्रहालय उघडलं. स्वतःच्याच नव्हे, प्रतिस्पर्ध्यांच्याही गाड्या गोळा केल्या. पहिली स्वाम्प रॅट तिथे ठेवली, चौदा नंबर तिथे ठेवली. स्लिंगशॉट आणि मागच्या इंजिनाची गाडी एकाच छपराखाली. कुणीही जाऊन बघावं, इथे माणूस बसायचा, आणि मग इथे बसायला लागला.

एक तक्रार माझी आहे. फोटोत या गाड्या फार चकचकीत दिसतात. रंग नवा, सोनेरी अक्षरं नवी, क्रोम आरशासारखं. लग्नाच्या वरातीतल्या घोड्यासारखी गाडी. ग्रीस नाही, तापून निळा पडलेला धूरनळा नाही. जतन करणाऱ्यांचं म्हणणं असणार, की जशी पहिल्या दिवशी होती तशी ठेवली. पण पहिल्या दिवशी ती कुणालाच नको होती! मला ती झोके घेणारी, रंगाचे टवके उडालेली गाडी बघायला आवडली असती. तरीही, चकचकीत का होईना, आहे. सांगाडा आहे, बैठक आहे, बैठकीच्या मागे इंजिन आहे.

लायन्सचा पट्टा मात्र राहिला नाही. आवाजाच्या तक्रारी वाढल्या आणि डिसेंबर १९७२ मध्ये तो बंद झाला. जागा बंदराच्या कामात गेली. जिथे गाडीचे दोन तुकडे झाले तिथे पुढे कंटेनर आले.

खेळात माणसं जायची थांबली असं समजू नका. जून २००८ मध्ये न्यू जर्सीत स्कॉट कलिटा अंतिम रेषेच्या पुढे गाडी न थांबल्यामुळे गेला. त्यानंतर काही दिवसांत सगळ्यात वेगवान वर्गांचं अंतर १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणलं, थांबायला जास्त जागा मिळावी म्हणून. पाव मैल हा त्या खेळाचा जीव की प्राण होता, साठ वर्षांची परंपरा. ती मोडली. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी 'ताबा सुटल्याने' एवढं लिहून फाईल बंद केली नाही, पुढे रस्ता किती शिल्लक होता ते मोजलं.

आणि गार्लिट्स? २०१९ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, विजेवर चालणारी ड्रॅग गाडी घेऊन त्याने ताशी १८९ मैल वेग घेतला. आमच्याकडे या वयात माणसाला स्कूटीची किल्ली देत नाहीत.

आता आमच्या ट्रॅक्टरचं सांगतो. ही सगळी शोधाशोध केल्यावर मी तो बघायला गेलो. दोन ट्रॉल्या, त्यात किती टन ऊस, चढ किती, ट्रॉली ट्रॅक्टरला जोडली होती ती पिन किती उंचीवर होती (मेस्त्रींच्या मते पिन वर जोडली की ट्रॅक्टर पुढून लवकर उठतो), हे बघायचं होतं. पोलीस ठाण्याच्या आवारात नव्हता. घरच्यांना विचारलं. पोराचे वडील म्हणाले, "दादा, दारात बघवत न्हवता. भंगारवाल्याला दिला." भंगारवाल्याकडे गेलो. गॅसने कापून महिना झाला होता. पिन वेगळी विकली म्हणाला, चांगली होती.

नवा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतोय. एक विनंती आहे. आपल्या तालुक्यात कुणाचा उसाचा ट्रॅक्टर उठला असेल, उलटला असेल, पिन तुटली असेल, हूक वाकला असेल, माणूस वाचलेला असो वा गेलेला, तर भंगारात द्यायच्या आधी मला एक फोन करा. नंबर जुनाच आहे. मी आणि मेस्त्री येतो, टेप घेऊन. माप घेतो, फोटो काढतो आणि जातो. नाव छापणार नाही.